ट्रकच्या केबिनमध्ये राहण्यासाठी वेगळी बॅटरी : २४ व्होल्टच्या गाडीत जोडणी कशी करावी?

दहाचाकी (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. गाडी दहाचाकी, २४ व्होल्टची, बीएस-६, मागे एक बर्थ असलेली स्लीपर केबिन. महिन्यातले वीस-बावीस दिवस दोघांचा मुक्काम केबिनमध्येच असतो. नागपुरात कापसी, वाडी नाहीतर कळमना, कुठेही नंबर लागेपर्यंत आठ ते बारा तास गाडी इंजिन बंद करून उभी राहते. तेवढ्या वेळात चालवायचं आहे ते असं: दोन पंखे, एक दिवा, दोन मोबाइल आणि इन्सुलिन ठेवायला ४० लिटरचा डीसी कॉम्प्रेसरवाला फ्रिज. एसीचाही विचार आहे, पण तो नंतर.

विचारायचं आहे ते:
गाडीच्या मूळ बॅटऱ्यांवरच हे चालवलं तर काय बिघडतं?
वेगळी घ्यायची तर ट्यूब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) की लिथियम?
अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रावरून) ती भरायला मधे काय लावायचं?

एक मिस्त्री म्हणतात, दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घ्या, स्वस्तात काम होतं. हे बरोबर आहे का?

मीटरवाले_काका (सोमवार, रात्री ९.४५)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त बॅटऱ्या त्यानेच मरतात. एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका.

२४ व्होल्टच्या गाडीत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडलेल्या असतात. अल्टरनेटर दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो. त्यातलं कोणाच्या वाट्याला किती आलं हे त्याला कळत नाही. समजा रात्रभर खालच्या बॅटरीवर पंखा चालला. सकाळी खालची १२.१ वर, वरची १२.७ वर. गाडी सुरू केली की दोघींतून करंट सारखाच जातो. वरची आधीच भरलेली असते, ती १५ व्होल्टकडे चढते आणि पाणी उकळून टाकते. खालची १३ वर रेंगाळते, कधीच पूर्ण भरत नाही. काही महिन्यांत एक कोरडी पडते आणि दुसरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं.

तपासायचं असेल तर इंजिन बंद करून दोन तास थांबा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर कोणीतरी मधूनच तार काढलेली आहे असं समजून शोधायला लागा. बहुतेक वेळा म्युझिक सिस्टिम सापडते.

१२ व्होल्टची वस्तू चालवायचीच असेल तर २४ ते १२ चा कन्व्हर्टर घ्या आणि तो दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर जोडा. १० अँपिअरचा म्हणजे १२० वॉट, मोबाइल आणि दिव्याला पुरून उरतो.

वाडीचा_वायरमन (सोमवार, रात्री १०.२०)

काका बरोबर सांगून राहिले. मूळ बॅटरीवर पंखे काहून नको, ते मी सांगतो भाऊ.

सेल्फ मारायच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात, पण भरपूर. दोन-तीन सेकंद काहीशे अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून परत घ्यायचे, ह्याच्यासाठी ती बनलेली आहे. तिच्यातून हळूहळू रात्रभर काढत बसलं की पातळ प्लेटांवरचा माल गळून तळाशी जमा होते. दोन्ही मिळून इंजिन बंद असताना २४.४ दाखवलं म्हणजे अर्धी संपली. त्याच्याखाली नेऊ नका जी.

आणि बीएस-६ गाडी आहे. व्होल्टेज फार पडलं तर ईसीयूच (इंजिनचा संगणक) जागा होत नाही. जुन्या गाडीसारखं धक्का मारून काम होत नाही.

युनिट_मोजा (मंगळवार, सकाळी ७.०५)

बॅटरी निवडण्याआधी वहीत हिशेब मांडा. दादांनी यादी दिलीच आहे, तीच मांडते. २४ तासांचा हिशेब, नागपूरचा उन्हाळा धरून:

पंखे: १५ वॉटचे दोन, १२ तास = ३६० वॉट-तास
दिवा: ६ वॉट, ५ तास = ३०
मोबाइल दोन = ४०
फ्रिज: कॉम्प्रेसर ४५ वॉट. थंडीत तो तासातली १५-२० मिनिटं चालतो, मे महिन्यात अर्ध्याहून जास्त वेळ. ५५ टक्के धरले तर दिवसाला ६०० च्या आसपास.

बेरीज १०३०. तारांतलं आणि कन्व्हर्टरमधलं नुकसान धरून ११०० म्हणू.

आता बॅटरी. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं लिथियम फॉस्फेट) म्हणजे २५६० वॉट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर २०५०. पावणेदोन दिवसांपेक्षा थोडं जास्त. लेड-ॲसिडच्या १५० च्या दोन घेतल्या तर ३६००, पण निम्म्याखाली न्यायची नाही म्हणून हातात १८००. म्हणजे दोन्ही जवळपास सारखं काम देतात. वजनात मात्र फरक आहे: लिथियम २५ किलोच्या आतबाहेर, १५० च्या दोन लेड-ॲसिड शंभर किलोच्या वर.

इन्व्हर्टर मुद्दाम धरलेला नाही. काही न चालवता नुसता चालू ठेवलेला १००० वॉटचा इन्व्हर्टर स्वतःच १०-१५ वॉट खातो. दिवसाचे अडीचशे ते साडेतीनशे वॉट-तास, म्हणजे जवळपास दोन्ही पंख्यांइतके. यादीतली प्रत्येक वस्तू सरळ डीसीवर चालते, त्यामुळे त्याची गरजच नाही.

कळमना_ते_कोलकाता (मंगळवार, सकाळी ८.३०)

+१, वाचनखूण साठवली. पण लेड-ॲसिडची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. ती रायपूरला, संबलपूरला, कुठेही मिळते. कुठलाही बॅटरीवाला दुरुस्त करतो. आणि बिघडली तरी जुन्याचे पैसे येतात. लिथियमचा बीएमएस (बॅटरीवर देखरेख करणारं सर्किट) रस्त्यात बंद पडला तर कोण बघणार? चेसिसला लोखंडी पेटी, त्यात दोन ट्यूब्युलर, मधे व्होल्टेजवर चालणारा रिले. २६.६ ला जोडतो, २५.६ ला तोडतो. इंजिन चालू झालं की आपोआप चार्जिंग, बंद झालं की गाडीची बॅटरी वेगळी. साधं आणि टिकाऊ.

मीटरवाले_काका (मंगळवार, सकाळी ९.५०)

रिलेचं तुमचं म्हणणं मान्य. लेड-ॲसिडला तो पुरतो. पण दोन गोष्टी राहिल्या.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर गाडीत ठेवू नये. ती एका जागी उभी राहण्यासाठी बनते. स्प्रिंगच्या पाट्यांवरच्या धक्क्यांनी आतल्या जोडण्या तुटतात आणि वरून ॲसिड उसळतं. लेड-ॲसिडच हवी असेल तर ई-रिक्षाची बुटकी बॅटरी बघा, ती धक्के आणि रोजचं उतरणं-चढणं दोन्ही सोसते. दोन्ही एकाच मेकच्या, एकाच बॅचच्या घ्या. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली की वर सांगितलेलंच दुखणं सुरू होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, वरच्या २० टक्क्यांना चार-पाच तास लागतात. नागपूर-अमरावती दीडशे किलोमीटर, साडेतीन-चार तास. तेवढ्यात ती कधी काठोकाठ भरतच नाही. महिनाभर असं चाललं की सल्फेट. म्हणून आठवड्यातून एकदा तरी विजेच्या चार्जरवर रात्रभर लावा आणि सकाळी हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) सगळे सेल बघा. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी डिस्टिल्ड पाणी घाला. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, आणि ॲसिड तर कधीच वरून घालायचं नाही.

ही बॅटरी केबिनमध्ये ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. बाहेर चेसिसवर, हवा खेळणाऱ्या पेटीतच.

खसताटी (मंगळवार, दुपारी १.१५)

एसीचा विषय निघालाच आहे तर माझं ठाम मत सांगतो. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बॅटरीवर एसी चालवणं म्हणजे वीज वाया घालवणं. इथली हवा कोरडी आहे. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त गार होऊ शकते तो आकडा, २४ च्या आसपास येतं. बरा कूलर त्या फरकाचा तीन-चतुर्थांश पल्ला गाठतो, म्हणजे तोंडावर २९ अंशांची हवा. वीज किती? पंखा आणि पंप मिळून ४०-५० वॉट. आठ तासांचे चारशे वॉट-तास.

पाणी लागतं. केबिनपुरत्या लहान कूलरला तासाला दोन-सव्वादोन लिटर. २० लिटरचा एक जार म्हणजे एक झोप.

लोक चुकतात ते खिडकीत. सगळ्या काचा लावून कूलर चालवला की अर्ध्या तासात केबिन ओलसर, अंग चिकट, आणि मग कूलरला शिव्या. कूलरने आत घेतलेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची काच चार बोटं उघडी हवीच. वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ताटी महिन्याने बदला. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर चढतो आणि हवा अडते.

बुटीबोरी_३३ (मंगळवार, दुपारी २.४०)

खसताटी भाऊ, मे महिन्यासाठी हजार टक्के पटलं. पण गाडी जुलैतही चालते. पाऊस सुरू झाला की ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. तेव्हा कूलर पाणी शिंपडण्यापलीकडे काही करत नाही. आणि गाडी विशाखापट्टणमकडे गेली तर मे महिन्यातही तेच.

२४ व्होल्टच्या पार्किंग एसीचे आकडे देतो, म्हणजे दहाचाकी भाऊंना ठरवता येईल. सुरुवातीला ७०० ते ९०० वॉट, केबिन गार झाल्यावर सरासरी ४५० धरा. आठ तास म्हणजे ३६०० वॉट-तास. त्याला २५.६ व्होल्टची २०० अँपिअर-तास बॅटरी लागते आणि रोज तेवढं परत भरायला सात-आठ तास गाडी चालायला हवी. नुसती उभी राहणारी गाडी असेल तर हे जमत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यामुळे नवीन गाडीत एसी येतोच. पण तो इंजिनवर चालतो. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं डिझेलला महाग, बीएस-६ च्या डीपीएफमध्ये (धूर गाळणाऱ्या जाळीत) काजळी भरते, आणि बंद जागेत धूर केबिनमध्ये शिरला तर जीव जातो. तेवढं मात्र कोणी करू नका.

वाडीचा_वायरमन (मंगळवार, दुपारी ३.०५)

एसीवरून कूलरवर, कूलरवरून डीपीएफवर. भाऊ बॅटरी विचारून राहिले, त्यांना बॅटरीचं सांगू द्या बाप्पा.

युनिट_मोजा (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

अल्टरनेटरवरून लिथियम भरायची तर मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवरून दुसरी बॅटरी मोजक्या करंटने भरणारा) हवाच. रिले लावून थेट जोडू नका. कारणं दोन.

लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो. रिकामी बॅटरी थेट जोडली की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. गाडी न्यूट्रलवर घुरघुरत असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो, थंडावा कमी आणि करंट पूर्ण. वाइंडिंगचं वार्निश जळतं, डायोड जातात.

दुसरं जास्त धोक्याचं आहे. बॅटरी भरली किंवा तापली की बीएमएस क्षणात संपर्क तोडतो. अल्टरनेटर त्या क्षणी ४०-५० अँपिअर देत असेल तर ते कुठे जाणार? व्होल्टेजचा झटका गाडीच्या वायरिंगमध्ये जातो, आणि तिथे ईसीयू बसलेला आहे.

किती अँपिअरचा घ्यायचा? गाडीचा अल्टरनेटर समजा ६० अँपिअरचा. रात्री दिवे, वायपर, ब्लोअर आणि ईसीयू मिळून २५-३० जातात. इंजिनच्या उष्णतेत त्याची ताकद आणखी पाव भागाने उतरते. उरतात जेमतेम १५-२०. म्हणून २४-२४ चा २० अँपिअरचा चार्जर बास. ताशी साधारण ५०० वॉट-तास आत जातात. चार तासांच्या रस्त्यात २०००. रोजचा खर्च ११०० आहे, म्हणजे निवांत. ४० चा चार्जर घेऊन फायदा नाही, अल्टरनेटर मरतो.

सेटिंग: लिथियम फॉस्फेट, भरण्याचं व्होल्टेज २८.४, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं) २७.०. चालू होण्याचा इशारा अल्टरनेटरच्या डी-प्लसवरून (इंजिन चालू असतानाच वीज येणारं टोक) घ्या. इग्निशनवरून घेतला तर नुसती चावी फिरवून गाणी ऐकत बसलात तरी गाडीची बॅटरी उपसली जाते.

दहाचाकी (मंगळवार, रात्री ९.५५)

ताई, खूप उपयोगी. लिथियमच घ्यायचं ठरतंय. चेसिसवरच्या बॅटरीपासून बर्थखालपर्यंत तार कशी न्यायची आणि किती जाडीची? बाजारात वेगवेगळे लोक ४ पासून ३५ चौरस मिलिमीटरपर्यंत काहीही सांगतात.

वाडीचा_वायरमन (मंगळवार, रात्री ११.१०)

हे माझं काम. नीट वाचा भाऊ.

जाडीचा हिशेब सोपा आहे. जायची आणि यायची तार मिळून मीटर, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले तारेचे चौरस मिलिमीटर. जे येते ते पडणारं व्होल्टेज. २० अँपिअरचा चार्जर आत २३ ओढते. एका बाजूने ५ मीटर, म्हणजे दोन्ही मिळून १०. ४ ची तार टाकली तर एक व्होल्ट तारेतच जाते. १० ची टाकली तर ०.४, १६ ची टाकली तर ०.२५. मी १६ टाकतो. ३५ ची गरज नाही.

फ्यूज गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत. ४० अँपिअर. लोकं फ्यूज केबिनमध्ये चार्जरजवळ लावतात. मग चेसिसवर तार घासली तर ती पाच मीटर तार जळते आणि फ्यूज तसाच राहते. तिकडे लिथियमच्या टोकालाही एका वितीत दुसरा फ्यूज पाहिजे. तारेला दोन्हीकडून करंट येऊ शकते, म्हणून दोन्हीकडे.

निगेटिव्हसाठी चेसिसच्या भरवशावर राहू नका. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, चेसिसला अर्थ एका वेणीने जोडलेला असते आणि ती गंजते. पूर्ण परतीची तार टाका, तीही १६ ची.

आता खरी जागा. केबिन पुढे पालथी होते ना? तार जिथून चेसिसवरून केबिनमध्ये शिरते तिथे कंपनीचं हार्नेस (तारांचा जुडगा) बिजागरीपाशी मोठा वळसा घेऊन वर जाते, पाहिलं असेल. तुमची तार त्याच वळशाबरोबर न्या, त्याच पट्ट्यांनी बांधा, तेवढीच ढील ठेवा. ताणून सरळ नेली तर गाडी बनवताना काही दिसत नाही. पहिल्यांदा केबिन उचलली की थिंबलमधून (तारेच्या टोकाला दाबलेला धातूचा जोड) निघते किंवा लोखंडाच्या काठावर कापते. काम झालं की मिस्त्रीसमोरच केबिन पूर्ण उचलून, पूर्ण बसवून पाहा. दोनदा.

फ्लेक्झिबल पाइपमधून तार, प्रत्येक फुटावर पट्टी, सायलेन्सरपासून हातभर लांब, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. थिंबल हायड्रॉलिक प्रेसनेच मारा, हातोडीने ठोकू नका. मारल्यावर तार हाताने जोरात ओढून पाहा. वरून हीट स्लीव्ह.

सगळं जोडल्यावर वीस मिनिटं फुल लोडवर चालवा आणि प्रत्येक थिंबलला हात लावा. कोमट चालते. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड परत करा.

मीटरवाले_काका (बुधवार, सकाळी ६.४०)

वरच्या प्रतिसादाला कडक अनुमोदन. एक भर: करंट मोजायला साधा चिमटा मीटर घेऊ नका. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी (घरच्या विजेचा) करंट मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवतात. मग लोक म्हणतात चार्जिंगच होत नाही, आणि चांगला चार्जर बदलून आणतात. घेताना डीसी अँपिअर मोजतो ना, हे दुकानातच बघा.

लिथियम किती उरली हे व्होल्टेजवरून कळत नाही. ८० टक्क्यांपासून ३० पर्यंत आकडा जेमतेम हलतो. निगेटिव्हवर शंटवाला (करंट मोजायच्या पट्टीचा) मॉनिटर बसवा. प्रत्येक निगेटिव्ह त्या शंटमधूनच गेली पाहिजे. एक जरी बॅटरीच्या टोकाला थेट लावली तर हिशेब चुकत जातो.

संत्राबाग (बुधवार, सकाळी १०.००)

ई-बाइकचे जुने सेल भंगारात स्वस्त मिळतात. त्यांचा २४ व्होल्टचा पॅक बांधून घेतला तर? बीएमएस नवीन लावायचा.

युनिट_मोजा (बुधवार, सकाळी १०.२५)

नको. अगदी स्पष्ट सांगते, नको. ई-बाइकमध्ये बऱ्याचदा एनएमसी सेल (लिथियमचाच दुसरा प्रकार) असतात. लिथियम फॉस्फेटपेक्षा ते कमी तापमानाला बिथरतात आणि एकदा पेटले की स्वतःच पेटत राहतात. त्यात जुने म्हणजे प्रत्येक सेलची क्षमता वेगळी. ही पेटी माणूस झोपतो त्या बर्थखाली जाणार आहे. पैसे वाचवायची ती जागा नाही. बजेट कमी असेल तर काकांनी सांगितलेल्या ई-रिक्षाच्या नव्या लेड-ॲसिड घ्या, चेसिसवर ठेवा.

बुटीबोरी_३३ (बुधवार, सकाळी ११.३०)

आता उष्णतेचं. परदेशी व्हिडिओंमध्ये लिथियमला थंडीपासून कसं जपायचं ते सांगतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. बहुतेक लिथियम फॉस्फेटला चार्ज करायची मर्यादा ४५ अंश असते, काहींना ५५. नागपुरात मे महिन्यात ४५ ही तर सावलीतली हवा झाली. काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या केबिनमध्ये वरच्या बाजूला ६० च्या पुढे जातं.

त्यामुळे जागा: बर्थखाली, फरशीला टेकून, इंजिनच्या फुगवट्यापासून लांबच्या बाजूला. चारही बाजूंनी एक इंच मोकळं, खाली ६ मिलिमीटरचा रबर, वरून लोखंडी अँगलची चौकट आणि दोन पट्टे. चादरी आणि भांडी तिच्यावर ठासून भरू नका. चार्जर तिच्या शेजारी पण वेगळ्या पत्र्यावर, फिन उभ्या ठेवून. तो स्वतः तापतो आणि तापला की करंट निम्म्यावर आणतो.

एप्रिल ते जून भरण्याचं व्होल्टेज २८.४ ऐवजी २८.० ठेवा. क्षमतेत फारसा फरक पडत नाही, सेलवरचा ताण उतरतो. शक्य असेल तेव्हा रात्रीच्या रस्त्यातच भरून घ्या. लेड-ॲसिडवाल्यांनाही हे लागू: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि २४ व्होल्टच्या संचाला दर अंशाला ०.०४ व्होल्ट कमी द्यावे लागतात. ४५ अंशांना म्हणजे पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक.

कळमना_ते_कोलकाता (बुधवार, दुपारी १२.१५)

म्हणजे उन्हाळ्यात दोघांचेही हाल सारखेच. बरं, लिथियमच्या बाजूने एक मत वाढवा माझं, शंभर किलोचा फरक मोठा आहे.

सोलरचं कोणी सांगा. केबिनच्या टपावर एक पॅनेल बसेल का?

मीटरवाले_काका (बुधवार, दुपारी ४.४५)

बसतं. ५४० वॉटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडं कमी रुंद असतं, वजन २७-२८ किलो. केबिनच्या रुंदीत आडवं मावतं, पण टपाला टेकवू नका. खाली दोन इंच हवा खेळू द्या. तापलेल्या पॅनेलची ताकद दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी पडते. आपल्या उन्हात सेल ६५-७० अंशांना जातात, म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. तरी उन्हाळ्यात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट मिळतात. फ्रिज आणि पंख्यांचा सगळा खर्च त्यात निघतो.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), १०० व्होल्ट, २० अँपिअरचा. एका पॅनेलचं उघडं व्होल्टेज ४९.५ असतं. उद्या हौसेने दुसरं पॅनेल सिरीजमध्ये जोडलं तर ९९ होतात आणि कागदावर शंभरच्या आत वाटतात. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात पारा दहाच्या खाली येतो तेव्हा थंड पॅनेलचं व्होल्टेज चार टक्क्यांनी वाढतं, १०३ होतं, आणि कंट्रोलर जातो. दोन लावायची तर पॅरलल, आणि कंट्रोलर ४० अँपिअरचा.

गाडी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे राख भरायला जात असेल तर दर चार दिवसांनी पॅनेल धुवा. राखेचा थर दव पडल्यावर घट्ट बसतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळीच धुवा.

खसताटी (बुधवार, संध्याकाळी ६.२०)

सगळे पंख्या-एसीवर बोलतायत, पण दहाचाकी भाऊंच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू इन्सुलिन आहे. पंखा बंद पडला तर घाम येईल; फ्रिज बंद पडला तर औषध जाईल.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि गोठू द्यायचं नाही. गोठून वितळलेलं वापरायचं नाही, दिसायला नीट असलं तरी. ह्या लहान फ्रिजची आतली धातूची भिंत शून्याखाली जाते. म्हणून थर्मोस्टॅट ५ वर, इन्सुलिन डब्यात कापड गुंडाळून, भिंतीपासून लांब. सोबत एक साधा थर्मामीटर. वापरात असलेलं पेन किंवा कुपी औषधाच्या कागदावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत ३० अंशांखाली चालते; ते मातीच्या भांड्यात ओल्या फडक्यात ठेवता येतं, आपल्या कोरड्या हवेत ते छान काम देतं. म्हणजे फ्रिज एखाद दिवस बंद पडला तरी रोजचा डोस हाताशी राहील.

युनिट_मोजा (बुधवार, संध्याकाळी ७.००)

खसताटी दादा, बरं झालं लिहिलंत. जोडणीत त्याची सोय अशी करा: पंखे, दिवा आणि मोबाइल एका लो-व्होल्टेज कटऑफवर, तो २५.६ ला तोडणारा. फ्रिजला वेगळी लाइन, ती थेट बसबारवरून (सगळ्या तारा जोडायची धातूची पट्टी). बॅटरी उतरत गेली तर आधी पंखे थांबतील आणि राहिलेली सगळी वीज फ्रिजला मिळेल. फ्रिजच्या आत स्वतःची बॅटरी-रक्षणाची तीन पायऱ्यांची सेटिंग असते. ती सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा, वरची पायरी मूळ बॅटरीवर चालवणाऱ्यांसाठी असते.

फ्रिजची तार ४ चौरस मिलिमीटरची. चालू असताना तो दोन अँपिअरच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना काही पट ओढतो. तार बारीक असेल तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो बंद होतो, मिनिटाने परत प्रयत्न करतो, परत बंद. बाहेरून दिवा लागलेला दिसतो आणि आत गरम.

दहाचाकी (गुरुवार, रात्री ८.३५)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेली यादी टाकतो, चुकलं असेल तर सांगा.

लिथियम फॉस्फेट २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तास, बर्थखाली डाव्या बाजूला. डीसी-डीसी २४-२४, २० अँपिअर, डी-प्लसवर. १६ ची तार, दोन्ही बाजूंची. गाडीच्या बॅटरीपाशी ४० चा फ्यूज, लिथियमच्या टोकाला ६३ चा घरगुती एमसीबी, म्हणजे बंद-चालू करता येईल. शंट मॉनिटर. फ्यूज बॉक्समध्ये पंखे ५, दिवा ५, मोबाइल १०, फ्रिज १५. कूलर या उन्हाळ्यात, एसी नाही. सोलर दिवाळीनंतर.

वाडीचा_वायरमन (गुरुवार, रात्री ८.५०)

बाकी सगळं बरोबर. घरचा एमसीबी काढा भाऊ. घरच्या एसी विजेत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून त्याच्या आतली ठिणगी विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही. शॉर्ट झाला की ठिणगी आतच पेटत राहते, एमसीबी वितळते, पण तुटत नाही. लिथियम शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देते.

मीटरवाले_काका (गुरुवार, रात्री ९.१५)

त्या जागी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच बसणारा, डीसीसाठी बनलेला ६० अँपिअरचा टर्मिनल फ्यूज लावा. व्होल्टेजचं रेटिंग ३२ च्या वर हवं, ५८ चे मिळतात. बंद-चालू करायला त्याच्यापुढे बॅटरी आयसोलेटर स्विच. आणि मोबाइलचा चार्जर घेताना त्याच्यावर "१२-२४" छापलेलं बघून घ्या. नुसता १२ चा २८ व्होल्टवर लगेच जळतो.

दहाचाकी (गुरुवार, रात्री ९.३०)

बदललं. रविवारी वाडीला काम काढतो. केबिन दोनदा उचलून पाहतो आणि थिंबलचे फोटो इथेच टाकतो.

वाडीचा_वायरमन (गुरुवार, रात्री ९.३४)

स्लीव्ह चढवायच्या आधीचे फोटो टाका जी. नंतरच्या फोटोत प्रेस बरोबर बसला का ते दिसत नाही.